दुसऱ्या मजल्याचं कुलूप

१२ ऑक्टोबर, रविवार

आमच्या चर्चचे पाळकसाहेब मागे उपदेशात म्हणाले होते, रोज चार ओळी लिहा, आपण कुठे घसरतो ते कळतं. तेव्हा ही वही आणली आणि कपाटात ठेवून दिली. आज उघडली. घसरले आहे म्हणून नाही. काहीतरी सलतंय, आणि नवऱ्याला सांगायला गेलं की शशिकांत हसतात.

आज महिला रविवार. अंबरनाथच्या आमच्या मंडळीत या दिवशी महिला संघाची सचिव बोलते. अकरा वर्षं मी सचिव आहे, अकरा वर्षं मीच बोलले. यंदा पाळकसाहेब म्हणाले, "संजीवनीबाई, या वेळी एखाद्या तरुण बहिणीला संधी देऊया का?" मी म्हणाले, "अवश्य." मला वाटलं, कुणाला द्यायची ते मला विचारतील. त्यांनी तेजल आल्हाटचं नाव आधीच ठरवलं होतं.

तेजल आमच्या मंडळीत येऊन आठ महिने झाले. एकतीस-बत्तीसची असेल. वांगणीला त्या नव्या स्वस्तातल्या बिल्डिंगी झाल्यात, तिथे राहते. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमच्या जीन्सच्या कारखान्यात तिला मीच चिकटवलं. मी तिथे एकोणीस वर्षं चेकर आहे. मी शब्द टाकला आणि सेठने दुसऱ्या दिवशी तिला ओव्हरलॉक मशीनवर बसवलं. कारखान्यातल्या सगळ्या बायका मला ताई म्हणतात. ही पहिल्या दिवसापासून मावशी म्हणते.

तिने बायबलमधला विधवा आणि न्यायाधीशाचा दाखला घेतला. तो माझा दाखला आहे. म्हणजे मी त्यावर तीनदा बोलले आहे. प्रार्थनेत खचू नये, देव उशिरा का होईना ऐकतो, असा त्याचा अर्थ. तेजल म्हणाली, "पण ती बाई घरी बसून नुसती प्रार्थना करत नव्हती. रोज उठून न्यायाधीशाच्या दारात जात होती. ती समोर उभी राहायची म्हणून तो वैतागला. प्रार्थना कशी करावी हे सांगायला प्रभूने कचेरीत खेटे घालणारी बाई घेतली, हे मला फार आवडतं."

कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बोलते तेव्हा मागच्या बाकांवर खोकतात.

घरी येताना शशिकांत म्हणाले, "बोलली हां पोरगी." माझ्या अकरा भाषणांनंतर त्यांनी विचारलेलं मला आठवतं ते एवढंच, की जेवायला काय आहे.

ती 'न्यायाधीश'ला 'न्यायधीश' म्हणते. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहायला संकोच वाटतो, पण वही माझीच आहे.

आमच्या बिल्डिंगीत तीन मजल्यांवर गाळे आहेत, सगळे जीन्सवाले. बायका साठेक. पुरुषांची सोय तळमजल्यावर. बायकांचा संडास दुसऱ्या मजल्यावर होता. सात वर्षांपूर्वी गाळेमालकांच्या कमिटीने त्यात धाग्याचे कोन आणि बटणांची पोती भरली आणि कुलूप घातलं. सेठ तेव्हा मला म्हणाले होते, "अदी, दो महिने की बात है. तू लेडीज लोग को समझा दे." सेठ खूश असले की मला अदी म्हणतात, सिंधीत ताईला म्हणतात तसं. मी बायकांना समजावलं.

तेव्हापासून मी सकाळी अर्धा कप चहा घेते आणि संध्याकाळी सातला घरी येईपर्यंत काही पीत नाही. सवय होते. नव्या मुलींना मीच शिकवते, जेवणात लोणचं आणू नका, तहान लागली तर ओठ ओले करा.

आज डब्याच्या वेळी तेजल सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, सात वर्षं?" मी नेहमी सांगते तेच सांगितलं, की प्रत्येकाला आपापला वधस्तंभ उचलावा लागतो. हे मी म्हटलं की आमच्यातल्या हिंदू बायकासुद्धा मान हलवतात. ती घास चावता चावता म्हणाली, "हा वधस्तंभ कुठे, मावशी? हे कुलूप आहे. याला किल्ली असते."

बायका हसल्या. सगळ्यात जास्त बनूबाई हसली. ती बदलापूरकडच्या खेड्यातून येते, साठीची आहे, धागे कापते आणि सेठच्या केबिनमध्ये चहा नेते. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी तेजलचे चार पीस परत पाठवले, टाका सुटलाय म्हणून. दोनांचा खरंच सुटला होता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीनंतर कारखाना परत सुरू झाला. तेजलने अर्ज लिहून आणलाय. आधी मालकांच्या कमिटीकडे द्यायचा, त्यांनी ऐकलं नाही तर सरकारी कचेरीत. खाली एक्केचाळीस सह्या झाल्या. बनूबाई अंगठा देणार होती, तर तेजलने तिला तीन दिवस डब्याच्या वेळी 'बनू' लिहायला शिकवलं. बनूबाई सही करून कागद सगळ्यांना दाखवत फिरली. "हं बघा गो, माजा नाव!"

माझ्याकडे कागद आला. मी म्हणाले, प्रार्थना करून सांगते.

तेजल म्हणाली, "करा ना. मी जागा ठेवलीय." सगळ्यात वर, पहिल्या क्रमांकाला, एक ओळ मोकळी होती. बाकीच्या सह्या दोनपासून सुरू.

ते मला अजून खटकतंय. मान द्यायचा तर आधी विचारायचं असतं. सगळं स्वतः करून मग वरची ओळ ठेवायची, हा कसला मान? आणि मला ती ओळ हवी होती, हे तिला कसं कळलं?

सही केली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी अभ्यास ठेवला होता. विषय: ख्रिस्ती माणूस आणि समाज. निवडणुका आल्यात म्हणून असेल.

मी तयारी करून गेले होते. म्हणाले की आपलं नागरिकत्व स्वर्गातलं. प्रेषित पौलाने लिहिलंय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, सत्तेवर असलेल्यांसाठी प्रार्थना करा. राजकारणात गेलं की हात मळतात. मंडळीने निवडणूक, अर्ज, मोर्चे यापासून लांब राहावं. बरीच डोकी हलली. महिपतीकाकांनी "बरोबर" असं मोठ्याने म्हटलं. ते मंडळीच्या कमिटीत सगळ्यात ज्येष्ठ आहेत.

मग तेजल. "अधीन राहणं म्हणजे गप्प राहणं का? त्याच पौलाला बांधून फटके मारायला निघाले, तेव्हा त्याने शताधिपतीला विचारलं, चौकशी न करता रोमी नागरिकाला मारायची परवानगी आहे का तुम्हाला? त्याने स्वर्गाचं नागरिकत्व नाही दाखवलं. हातात जे होतं ते दाखवलं."

तो भाग मला पाठ आहे. संडे स्कूलच्या मुलांना मी शिकवलाय. पाठ असून सुचला नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "संजीवनीबाईंचंही म्हणणं लक्षात घेण्यासारखं आहे." त्या 'ही'वर मी दिवसभर अडकले आहे.

घरी कळलं की अर्ज मोबाइलवर टाइप करून दिला तो आमच्या राजसीने. माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे, बदलापूरला लॅबमध्ये काम करते. मला विचारलं नाही. मी ओरडले तर म्हणाली, "आई, तिने मला विचारलं की तुझ्या आईला काय त्रास होतो. मला सांगता आलं नाही. मला माहीतच नव्हतं, तू दिवसभर पाणी पीत नाहीस."

माझ्या घरात येऊन माझ्या मुलीला माझ्याबद्दल विचारायचं! हे बरोबर आहे का?

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस ताप. पुन्हा लघवीचं इन्फेक्शन, मार्चपासून तिसऱ्यांदा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पिता. मी म्हणाले, भरपूर. हे दुखणं मी देवाला वाहिलेलं आहे, त्याची चर्चा डॉक्टरांशी कशाला?

काल तेजल आली. सुट्टी टाकून. भाताची पेज करून आणली होती, ओट्यावरची भांडी घासली, कुणी सांगितलं नसताना. शशिकांत स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत होते. मी पलंगावरून ऐकत होते. ते हसले. माझ्या घरात, माझ्या आजारपणात. पेज चांगली होती. अर्धी ठेवली, आवडली असं वाटू नये म्हणून.

जाताना तिने माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. साधीच. मी डोळे उघडे ठेवले होते. तिच्या नखांत जीन्सचा निळा रंग होता, माझ्यासारखाच.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एक उमेदवार आले होते, आमच्या वॉर्डातले. पाळकसाहेबांनी त्यांना आत बोलू दिलं नाही. म्हणाले, आत उपासना होते, अंगणात या. मला ते पटलं.

महिपतीकाका पुढे झाले. दफनभूमीची एक बाजू उघडी आहे, गुरं शिरतात, भिंत हवी. उमेदवार म्हणाले, "झाली समजा. फक्त तुमच्या मंडळीची मतं एकगठ्ठा आली पाहिजेत." महिपतीकाका हात जोडणार तेवढ्यात तेजल म्हणाली, "साहेब, एक विचारू? इथल्या कितीतरी बायका रोज उल्हासनगरला कामाला जातात. दहा-दहा तास. त्यांच्यासाठी संडास नाही."

"ताई, ते उल्हासनगर. माझी हद्द नाही."

"बायका तुमच्या हद्दीतल्या आहेत. निवडून आलात तर त्यांच्यासाठी तिकडे एक पत्र द्याल?"

"ख्रिश्चन बायका किती आहेत त्यात?"

"सात. बाकी त्रेपन्न नाहीत. मी साठांबद्दल विचारते." मग म्हणाली, "भिंत पाहिजेच, काकांचं बरोबर आहे. पण एकगठ्ठा असं काही आमच्याकडे नाही. जो तो आपल्या बुद्धीने मत देईल."

उमेदवार हसून गाडीत बसले. महिपतीकाका भडकले. आपल्या समाजाचं काम होत होतं, हिने दुसऱ्यांचं मध्ये घातलं. मी त्यांच्या बाजूने बोलले. आपण इतके थोडे, आपलं आपण नाही मागायचं तर कुणी मागायचं?

पण वहीत खरं लिहायचं तर वेगळंच डोक्यात आहे. निघताना उमेदवाराने पाळकसाहेबांना विचारलं, "ह्या बाई कोण?" अकरा वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सेठने केबिनमध्ये बोलावलं. अर्ज त्यांच्या टेबलावर होता. मालकांच्या कमिटीने त्यांना झापलं असणार. "अदी, बैठ. ये किसके दिमाग का काम है? तू तो ऐसा नहीं करेगी, मुझे मालूम है."

मी म्हणाले, सगळ्यांनी सह्या केल्यात. ते म्हणाले, "साठ लोग एक साथ नहीं सोचते. कोई एक सोचता है."

मी नाव सांगितलं.

खोटं बोलायचं नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. शिवाय अधिकारी माणूस. आणि मी तिच्याबद्दल वाईट काहीच बोलले नाही. उलट म्हणाले, हुशार आहे, फक्त सारखी पुढे पुढे करते. ती अर्ज सरकारी कचेरीत नेणार आहे, हेसुद्धा सांगितलं, कारण ते त्यांना कळणारच होतं.

केबिनमधून बाहेर आले तेव्हा हलकं वाटत होतं. भूकही लागली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजलला कामावरून काढलं. मशीनवर बसली होती, सुपरवायझर येऊन म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तिने हातातला पीस पूर्ण केला, धागा कापला आणि पिशवी घेतली. जाताना माझ्या टेबलाजवळ थांबली. "मावशी, अर्जाच्या झेरॉक्सची फाइल बनूबाईकडे आहे. सांभाळा." माझ्यावर तिचा भरवसा होता.

मी तिच्यासाठी प्रार्थना केली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काही दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं.

बायकांनी फाइल मला आणून दिली. "ताई, आता तुम्हीच. तुमच्याशिवाय कोण आहे?" अकरा-बारा जणी माझ्या टेबलाभोवती उभ्या होत्या. तेजल आल्यापासून असं झालं नव्हतं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

दुसरी गोष्ट. सगळ्यांनी ठरवलंय की सेठला नाव बनूबाईने सांगितलं. ती चहा न्यायला केबिनमध्ये जाते ना. डब्याला तिच्या शेजारी कुणी बसत नाही. आज ती जिन्यात एकटी भाकर खात होती. मला म्हणाली, "ताय, मी नाय गो सांगतला. तू तरी सांग त्याहाला." मी म्हणाले, "देव सगळं बघतो, बनूबाई."

ती म्हणाली, "त्यो बघतं, पर बोलंत नाय."

३० नोव्हेंबर, रविवार

गाताना तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. सर्दी असावी.

७ डिसेंबर, रविवार

पहिला रविवार, भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, प्रभुभोजनाचा. पाळकसाहेबांनी नेहमीचं म्हटलं, कुणाविषयी मनात काही असेल तर आधी समेट करा, मग या. हे मी शेकडो वेळा ऐकलंय. रांग पुढे गेली. शशिकांत उठले, राजसी उठली. मी बसून राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेजल तीन बाकं पुढे होती. तिने भाकर घेतली आणि परत येताना मला बसलेली पाहिली.

उपासना संपल्यावर शशिकांतना म्हणाले, तुम्ही घरी जा, मी वांगणीला जाऊन येते. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मी येऊ?" नको म्हटलं.

दुपारी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिच्या सासूबाई भिमाबाईंनी दार उघडलं. मला आत घेतलं, पाट दिला, चहा ठेवला. "तुमच्यामुळं पोरीला काम लागलं होतं. फार उपकार तुमचे." तेजल कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा विनीत टेम्पो घेऊन कर्जतला गेला होता. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या तशी मी म्हणाले, "तेजल, सेठला नाव मी सांगितलं."

तिने हातातला चिमटा दोरीला लावला.

"का?"

मी म्हणाले, त्यांनी विचारलं, खोटं कसं बोलणार. ती म्हणाली, "ते नाही विचारत. का?"

मी म्हणाले, "मला माफ कर."

"तुम्ही माफी मागायला आलात, की पुढच्या रविवारी भाकर घेता यावी म्हणून?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "माझं नाव तुम्ही केबिनमध्ये घेतलंत आणि माफी इथे, माझ्या घरात, चहाला बसून. तिथे साठ बायका एकमेकींवर संशय घेतायत. बनूबाई मला फोन करून रडली, मावशी. तिने आयुष्यात पहिली सही केली, ती या कागदावर. माझं सोडा. मला बदलापूरला बेकरीत पॅकिंगचं काम मिळतंय. तुम्हाला समेट करायचाय ना? मग जिथे मोडलं तिथे जाऊन करा."

मी म्हणाले, "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"मग तू मला माफ करशील?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आज तर नाही."

भिमाबाई चहा घेऊन आल्या. मी प्यायले. काय करणार होते? गोड होता.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

डब्याच्या वेळी, जिन्याजवळ, जिथे सगळ्या बसतात तिथे. बनूबाई खालच्या पायरीवर एकटी होती. मी म्हणाले, "बनूबाईने नाव सांगितलं नाही. मी सांगितलं." आधी कुणाला कळलंच नाही. मग एक हसली, तिला वाटलं ताई बनूबाईला पाठीशी घालतायत. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. दुसरी वेळ पहिलीपेक्षा कठीण होती.

किर्ती, लूप लावणारी, जिला मी मुलीसारखी वागवते, म्हणाली, "काय पण ताई!" आणि डबा घेऊन उठली. मग एकेक जण उठली.

मी तेही सांगितलं, की सात वर्षांपूर्वी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं, तेही मीच. ऐकायला तेव्हा पाच-सहा जणी उरल्या होत्या.

बनूबाई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "तेरा दिस मी येकटी जेवलू." आणि धागे कापायला गेली.

संध्याकाळी सेठला कळलं. "अदी, क्या ज़रूरत थी?" मी म्हणाले, "थी." मूळ अर्जावर पहिल्या ओळीत सही केली आणि कागद त्यांच्या टेबलावरून उचलून आणला. आता मला अदी म्हणणार नाहीत.

१५ डिसेंबर, सोमवार

अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेले. राजसी बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. साहेब साइटवर होते.

१८ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा गेले. साहेब भेटले. अर्ज वाचला, म्हणाले, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात मी येईन. ते खुर्ची दाखवून म्हणाले, "बसा ना, उभ्या का?"

बाहेर येऊन एवढं आश्चर्य वाटलं. सात वर्षं मला वाटत होतं की ह्या दाराला काटे असतील. आणि मग फार राग आला. कुणाचा ते कळलं नाही. सात वर्षं, तीन वेळा ताप, आणि हे इतकं सोपं असेल तर मी सोसलं ते कशासाठी? तेजलवरच राग आला, हे लिहून ठेवते. ती आली नसती तर ते सोसणं अजून पवित्र राहिलं असतं.

२३ डिसेंबर, मंगळवार

तिसऱ्यांदा गेले. माणूस नाताळनंतर येणार. कारखान्यात माझ्याशी कामापुरतं बोलतात. 'ताई' म्हणत नाहीत, 'ओ मॅडम' म्हणतात. डबा मी टेबलावरच खाते.

६ जानेवारी, मंगळवार

कुलूप निघालं.

साहेबांचा माणूस गेल्या आठवड्यात येऊन पाहून गेला, मालकांच्या कमिटीला पत्र दिलं. आज हमालांनी धाग्याचे कोन आणि पोती बाहेर काढली. आत नळ होता, गंजलेला, पण चालू. बायकांनी स्वतः धुऊन काढलं. मी झाडू घेऊन गेले तर किर्तीने हातातून काढून घेतला, रागाने नाही, "राहू द्या, झालंय" म्हणून.

मग कुणीतरी तेजलला व्हिडिओ कॉल लावला. ती बेकरीत होती, डोक्यावर जाळीची टोपी. बायका फोन घेऊन आत गेल्या, नळ दाखवला, कडी दाखवली. ओरडत होत्या. मी बाहेर जिन्यात उभी होते. कचेरीत तीनदा गेले ते मी. उभी राहिले, घाम पुसला, ते मी. आणि ओरडा तिच्या नावाचा.

आज पहिल्यांदा साधा शब्द लिहिते. मला तिचा हेवा वाटतो. ऑक्टोबरपासून वाटतो. मी त्याला तत्त्व म्हटलं, शिस्त म्हटलं, मंडळीची काळजी म्हटलं. वचनंसुद्धा शोधून काढली. पान उलटून मागचं सगळं वाचलं आत्ता. कुणीही वाचलं तर पहिल्या पानावर कळेल. मला तीन महिने लागले.

१८ जानेवारी, रविवार

महिला संघाची वार्षिक सभा होती. मी उठून सांगितलं की मी सचिवपद सोडते. पाळकसाहेबांनी कारण विचारलं. मी कारणही सांगितलं, सगळ्यांसमोर, कारखान्यात सांगितलं तसंच. कमिटीतर्फे आलेले महिपतीकाका मान खाली घालून बसले होते. पाळकीणबाई रडल्या. त्यांनी रडू नये असं मला वाटत होतं.

मग नावं मागितली. एकच नाव आलं, तेजल आल्हाट. ती म्हणाली, "मला अकराच महिने झालेत इथे." कुणीतरी म्हणालं, पुरे आहेत. तिने एक अट घातली, की संघ नुसता आपल्यापुरता राहणार नाही. महिन्यातून एकदा दारं उघडी ठेवायची, वस्तीतली कुठलीही बाई येईल, अर्ज लिहून हवा असेल तर लिहून द्यायचा, प्रार्थना हवी असेल तर प्रार्थना करायची. कुरकुर झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा.

मी हात वर केला. तेजलने वळून पाहिलं. हसली नाही. गेल्या महिन्याभरात आम्ही एकमेकींशी एकदाच बोललो आहोत, 'कचेरीचा कागद आणलात का' एवढंच. माफ केलं का ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क आहे असं वाटत नाही.

हात वर असताना मी काय करत होते ते इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. कुणाचे हात खाली आहेत ते मी मोजत होते. बावीस बायकांत चार. त्या चौघींकडे बघून मला बरं वाटलं. लगेच कळलं की बरं वाटतंय, आणि लाज वाटली. तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

पाळकसाहेब हळूहळू मोजत होते, मध्ये चुकले, परत पहिल्यापासून मोजायला लागले. खांदा दुखायला लागला. शेजारच्या दोघींनी हात खाली घेतले, एकदा मोजलंय म्हणून.

मी त्यांचं मोजून होईपर्यंत वर ठेवला.